काव्याची मापे : वृत्त, अलंकार आणि रस यांचा अल्प परिचय

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाठशाळेत येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला भक्तामर स्तोत्र मुखोद्गत असते. घरी गुजराती, मारवाडी किंवा कच्छी, शाळेत मराठी अथवा इंग्रजी आणि मंदिरात संस्कृत, अशा तीन भाषांत वावरणारे हे मूल श्लोकामागून श्लोक न अडखळता म्हणते. परंतु 'हे स्तोत्र या विशिष्ट चालीतच का म्हणावयाचे?' असे त्याने विचारल्यास घरातील वडीलधारी मंडळी बहुधा एकमेकांकडे पाहू लागतात. चाल कानाने आली, मुखाने पुढे गेली. तिचे नाव मात्र वाटेत कोठेतरी गळून पडले. दुसरीकडे, शालान्त परीक्षेस बसणारा विद्यार्थी 'वसंततिलका' हे नाव आणि त्याचे गण गुणांसाठी पाठ करतो. परीक्षा संपताच विसरतो. एकाजवळ चाल आहे, नाव नाही. दुसऱ्याजवळ नाव आहे, चाल नाही. या दोघांची गाठ घालून देणे एवढाच प्रस्तुत भाषणाचा मर्यादित हेतू आहे.

हा विषय पंडितांचा, काशी-पुण्याचा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या लोकलगाडीच्या गावांत त्याचे काय काम, अशी शंका कोणास येईल. तिचे निरसन प्रथम करावयास हवे. अकराव्या शतकात ठाणे, म्हणजे तेव्हाचे स्थानक, ही उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी होती. त्यांच्या आश्रयास असलेल्या सोड्ढल नावाच्या कवीने 'उदयसुंदरीकथा' हा चंपू रचला. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांचे मिश्रण असलेला काव्यप्रकार. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये १९२० साली छापला गेला. पुढे १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे हे व्यवसायाने मिठागरांतले, आणि तरीही 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा पायाभूत ग्रंथ त्यांच्याच लेखणीतून उतरला. जुन्या पोथ्यांतील काव्य छापून काढण्यासाठी त्यांनी 'महाराष्ट्र कवि' हे नियतकालिक चालविले. मीठ विकणारा माणूस सारस्वत लिहू शकतो, ही गोष्ट व्यापारी समाजाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर त्याहूनही जुने, १८६४ सालचे. आणि १९६० साली ठाण्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते प्रा. रामचंद्र श्रीपाद जोग. त्यांचा 'अभिनव काव्यप्रकाश' हा ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला. संस्कृत काव्यशास्त्र आणि पाश्चात्त्य काव्यविचार यांचा मेळ घालून मराठी विद्यार्थ्याला काव्याची परिभाषा शिकविणारे ते पुस्तक कित्येक पिढ्यांनी वापरले.

आता मूळ विषयाकडे वळू या. पद्याचे सर्वांत लहान माप म्हणजे अक्षर. अक्षर दोन जातींचे : लघू आणि गुरू. ऱ्हस्व स्वराचे ते लघू, त्याची मात्रा एक. दीर्घ स्वराचे ते गुरू, त्याच्या मात्रा दोन. येथपर्यंत सोपे आहे. घोटाळा होतो तो पुढच्या नियमात. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आले आणि त्याचा आघात मागील अक्षरावर पडला, तर ते मागील अक्षर गुरू होते. अनुस्वारयुक्त व विसर्गयुक्त अक्षरही गुरूच. 'सत्य' या शब्दातील 'स' लिहिताना ऱ्हस्व दिसतो. परंतु 'त्य'चा धक्का बसल्याने उच्चारात जड होतो. मराठीत याला एक अपवाद आहे. 'दुसऱ्या', 'तुम्ही', 'कुऱ्हाड' या शब्दांत जोडाक्षर असूनही मागील अक्षरावर आघात पडत नाही, म्हणून ते लघूच राहते. म्हणजे निर्णय कागदावर होत नाही, कानाने होतो. वार आणि मीटर यांनी कापड मोजणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ताक्याच्या कडेवर काय छापले आहे यापेक्षा गज लावल्यावर काय भरते तेच खरे.

तीन अक्षरांचा एक गण. लघु-गुरूंच्या तीन-तीनच्या मांडण्या आठच होऊ शकतात, म्हणून गण आठ : य, म, त, र, ज, भ, न, स. हे लक्षात ठेवण्यासाठी जुन्या आचार्यांनी 'यमाताराजभानसलगा' असे सूत्र करून ठेवले आहे. या सूत्रातील युक्ती फारच चतुर आहे. ज्या गणाचे रूप हवे त्याच्या अक्षरापासून तीन अक्षरे मोजावीत. 'य'पासून 'यमाता', म्हणजे लघू, गुरू, गुरू. हा य गण. 'स'पासून 'सलगा', म्हणजे लघू, लघू, गुरू. हा स गण. आठ कप्प्यांची किल्ली दहा अक्षरांत बसविणारा तो अज्ञात पंतोजी उत्तम हिशेबनीस असला पाहिजे.

अक्षरांची संख्या आणि लघु-गुरूंचा क्रम दोन्ही प्रत्येक चरणात ठरलेले असले, की त्या रचनेस अक्षरगणवृत्त म्हणतात. चार य गणांचे, बारा अक्षरांचे ते भुजंगप्रयात. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. त्याची चाल पाहण्यासाठी एक साधे वाक्य घेऊ : 'सकाळी निघाली पुढे एक गाडी'. तोडून वाचल्यास 'सकाळी', 'निघाली', 'पुढे ए', 'क गाडी', असे चार य गण बरोबर पडतात. आता यातील फक्त दोन शब्दांची अदलाबदल करू : 'सकाळी निघाली पुढे गाडी एक'. शब्द तेच, अक्षरे तीच बारा, अर्थही तोच. परंतु शेवटचा गण 'डी एक', म्हणजे गुरू, गुरू, लघू असा त गण झाला आणि चाल ठेचकाळली. काव्यातील शब्दक्रम गद्याहून वेगळा का असतो, याचे अर्धे उत्तर या एका उदाहरणात आहे.

भक्तामर स्तोत्राचे वृत्त वसंततिलका. त, भ, ज, ज आणि शेवटी दोन गुरू. एका चरणात चौदा अक्षरे. त्यांत सात लघू आणि सात गुरू, म्हणजे एकवीस मात्रा. चार चरणांचा श्लोक छप्पन्न अक्षरांचा. श्वेतांबर परंपरेत स्तोत्राचे ४४ श्लोक, दिगंबर परंपरेत ४८. परंतु वृत्त दोघांचे एकच. स्तोत्राचे नाव म्हणजेच त्याचा आरंभीचा शब्द. त्यातील 'भ' ऱ्हस्व असूनही 'क्ता'च्या आघाताने गुरू, 'क्ता' गुरू, 'म' लघू. झाला त गण. त्यापुढील 'र' हे अक्षर दिसावयास लघू, पण त्याच्या पाठोपाठ 'प्र' येत असल्यामुळे गुरू. पाठ करताना घाईने तो 'र' हलका म्हटला गेला, तर भ गणाचा न गण होतो आणि पहिल्याच चरणात एक मात्रा कमी पडते. ती तूट भरून काढण्यासाठी म्हणणारा नकळत पुढचे एखादे ऱ्हस्व अक्षर लांबवितो. असे दोन-चार ठिकाणी झाले की संस्कृत शब्दाचे रूपच बदलते. श्रद्धेने म्हटलेले चालते, असे यावर कोणी म्हणेल आणि श्रद्धेविषयी वाद नाहीच. पण आचार्य मानतुंगांनी दोन-अडीच हजार अक्षरांत एक मात्राही इकडची तिकडे होऊ दिली नाही. ती काळजी चित्रपटगीताच्या चालीत वाहून जाऊ देणे हा त्यांच्या श्रमांचा यथोचित आदर म्हणता येणार नाही. अलीकडे स्तोत्रांना नवनव्या चाली लावण्याची हौस वाढली आहे. चाल नवी असण्यास हरकत नाही; तिने लघूला लघू आणि गुरूला गुरू राहू द्यावे, एवढीच अपेक्षा.

दीर्घ वृत्तांत मध्येच श्वास घेण्याची ठिकाणे ठरलेली असतात, त्यांना यती म्हणतात. कालिदासाच्या मेघदूताचे मंदाक्रांता वृत्त सतरा अक्षरांचे. त्यात चार, मग सहा, मग सात अक्षरांवर विसावा. शब्द अर्धवट तोडून विसावा घ्यावा लागला तर तो यतिभंग, कवीचा दोष मानला जातो. मराठीत हा सर्व विषय शालेय विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याचे काम एकोणिसाव्या शतकात परशुराम तात्या गोडबोले यांच्या 'वृत्तदर्पण' या छोटेखानी पुस्तकाने केले.

दुसरा प्रकार मात्रांचा. येथे अक्षरे किती याला महत्त्व नाही. एकूण मात्रा भरल्या म्हणजे झाले. एक गुरू द्यावा किंवा दोन लघू द्यावेत, रुपयाची नोट किंवा आठ-आठ आण्यांची दोन नाणी, तसाच हा प्रकार. प्राकृतातील गाथा ही अशी मात्रांची. तिच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा. नित्यपाठातील उवसग्गहरं स्तोत्राच्या पाच गाथा याच जातीच्या. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तिचेही माप हेच. संस्कृतात त्यालाच आर्या म्हणतात. अठराव्या शतकात मोरोपंतांनी याच आर्येत मराठी महाभारत रचले. हालाच्या काळापासून बारामतीच्या मोरोपंतांपर्यंत एकच माप महाराष्ट्रात टिकून राहिले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तिसरा प्रकार, आणि मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, तो ओवी आणि अभंगाचा. येथे थोडे थांबावयास हवे. जुन्या संस्कृत-अभिमानी ग्रंथांत ओवीकडे काहीशा अनुकंपेने पाहिले गेले. वृत्ताची शिस्त न साधणाऱ्यांची सैल रचना, असा त्यांचा सूर असे. हा अन्याय होय. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ११२९ सालच्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात, असा उल्लेख आहे. (या राजाची राजधानी कल्याण, म्हणून कित्येक उत्साही मंडळी तो मान आपल्या कल्याण जंक्शनला देऊन टाकतात. ते कल्याणी म्हणजे कर्नाटकातील बीदर जिल्ह्याचे बसवकल्याण होय.) ज्ञानेश्वरी त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, १२९० सालची. तेव्हा ज्ञानदेवांनी ओवी निर्माण केली नाही. मुसळाच्या आणि जात्याच्या तालावरची ओवी उचलून तिच्यात गीतेचे तत्त्वज्ञान ओतले. ग्रंथातल्या ओवीचे चार चरण. पहिल्या तिहींच्या शेवटी यमक, चौथा आखूड आणि यमकाविना. अक्षरसंख्या बरीच मोकळी. जात्यावरची ओवी मात्र आजही निराळीच गायिली जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

अभंगाचे माप त्याहून निश्चित आहे. मोठ्या अभंगात चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा; दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक. लहान अभंगात बहुधा आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. लघू-गुरूचे बंधन नाही. गाताना ऱ्हस्व अक्षरही लांबविता येते, त्यामुळे संस्कृत न जाणणाऱ्या कुणब्याला, शिंप्याला, वाण्यालाही अभंग रचता आला. तुकोबा वाणी होते, हे व्यापाऱ्यांच्या सभेत सांगावयास नको.

मराठी पद्याच्या या तीन घराण्यांना, म्हणजे वृत्त, जाती आणि छंद यांना, शास्त्रशुद्ध रीतीने वेगळे करून दाखविले ते माधव त्रिंबक पटवर्धन, अर्थात कवी माधव जूलियन यांनी. लघु-गुरूचा क्रम बांधलेला ते वृत्त. मात्रांच्या आवर्तनावर चालते ती जाती. लघु-गुरूचा भेद न पाहता अक्षरसंख्येवर चालतो तो छंद. त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ १९२७ साली निघाला, १९३७ साली त्याची वाढविलेली आवृत्ती आली आणि १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यावर त्यांना डी.लिट. दिली. मराठी विषयातील ती पहिलीच. पुढच्याच वर्षी, पंचेचाळीस वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले. ओवीला तिची स्वतःची शिस्त आहे, ती संस्कृत वृत्ताची बिघडलेली प्रत नाही, हे त्यांच्या मांडणीमुळे निर्विवाद झाले.

यमकाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. संस्कृत वृत्तांत चरणाच्या शेवटी यमक असलेच पाहिजे असा नियम नाही. मराठी पद्य मात्र यमकावाचून फार काळ राहिले नाही. मग ही सवय कोठून आली? उत्तर आहे अपभ्रंश भाषेत, आणि ते शोधावयाचे तर जैन ग्रंथांकडेच यावे लागते. कारण अपभ्रंशातील मोठे साहित्य बहुतांशी जैन कवींचे आहे. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात दहाव्या शतकात पुष्पदंताने 'महापुराण' रचले. त्यातील ओळींच्या जोड्या यमकाने बांधलेल्या आहेत. हा ग्रंथ १९३७ ते १९४१ या काळात तीन खंडांत संपादित करणारे परशुराम लक्ष्मण वैद्य हे मराठी विद्वान होते. तसेच प्रा. हरि दामोदर वेलणकर. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थांनी जैन ग्रंथांची बृहत्सूची 'जिनरत्नकोश' १९४४ साली प्रसिद्ध केली, चार प्राचीन छंदोग्रंथ 'जयदामन्' या नावाने १९४९ साली एकत्र छापले आणि आचार्य हेमचंद्रांचे 'छंदोनुशासन' १९६१ साली सिंघी जैन ग्रंथमालेतून संपादित केले. जन्माने जैन नसलेल्या या पंडितांनी आयुष्याची किती वर्षे या पोथ्यांत घालविली, याची जाणीव जैन समाजात जितकी हवी तितकी दिसत नाही.

पोथ्या जपल्या कोणी, हाही प्रश्न आहे. राजशेखर नावाच्या, महाराष्ट्रीय कुळात जन्मलेल्या पंडिताची 'काव्यमीमांसा' कवी घडतो कसा याविषयीचा अत्यंत मनोरंजक ग्रंथ आहे. तो १९१६ साली प्रकाशात आला तो पाटणच्या जैन ग्रंथभांडारांतील पोथ्यांच्या आधारे. ग्रंथकर्ता जैन नव्हता. पोथीची नक्कल करून घेताना श्रावकांनी लेखकाचा पंथ विचारला नाही.

आता अलंकार. शास्त्रकारांची जुनी रीत अशी की एकच कल्पना घ्यावयाची आणि ती निरनिराळ्या साच्यांतून काढून दाखवावयाची. त्यांचे आवडते उदाहरण मुख आणि चंद्र. डोंबिवलीकरांसाठी चंद्रापेक्षा सकाळच्या आठची गर्दी अधिक परिचयाची आहे, म्हणून तीच घेऊ. 'फलाटावरची गर्दी भरतीसारखी वाढत होती', ही उपमा. गर्दी उपमेय, भरती उपमान, वाढणे हा साधारण धर्म आणि 'सारखी' हा साम्यवाचक शब्द. चारही अंगे हजर, म्हणून पूर्णोपमा. 'गर्दीच्या भरतीत म्हातारा वाहून गेला', येथे दोहोंतील अंतर पुसले गेले, हे रूपक. 'जणू काही खाडीच फलाटावर चढून आली', ही उत्प्रेक्षा, म्हणजे तसे नाही हे ठाऊक असून केलेली संभावना. 'ही गर्दी नव्हे, ही भरतीच', खरे नाकारून खोटे स्थापिले, ही अपन्हुती. 'ही गर्दी म्हणावी की भरती?' हा ससंदेह. मुंब्र्याच्या खाडीवरील बगळा पांढऱ्या सदऱ्यांना लाटांचा फेस समजून खाली उतरला, असे कवीने सांगितले तर तो भ्रांतिमान; येथे संशय उरलेला नाही, बगळ्याची पक्की फसगत झाली आहे. 'भरतीला ओहोटी तरी असते, हिला तीही नाही', उपमेयाने उपमानावर मात केली, हा व्यतिरेक. आणि 'डोंबिवलीच्या गर्दीसारखी गर्दी डोंबिवलीचीच', दुसरी तुलनाच सापडेना, हा अनन्वय. विद्यार्थ्यांनी अलंकारांच्या व्याख्या सुट्या सुट्या पाठ करण्यापेक्षा अशी एकच वस्तू हाती घेऊन ती फिरवून पाहावी. मग लक्षात येते की प्रत्येक अलंकारात बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था निराळी आहे. उपमेत तो शुद्धीवर आहे, रूपकात तन्मय झाला आहे, ससंदेहात गोंधळला आहे.

हे झाले अर्थालंकार. शब्दालंकारांची कसोटी मम्मटादी आचार्यांनी सांगून ठेवली आहे : शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा ठेवावा, अलंकार टिकला तर तो अर्थाचा, मोडला तर शब्दाचा. 'वेळेवर गाडी मिळाली की प्रवाशाचे कल्याण', या वाक्यात गावाचे नाव आणि मंगल असे दोन अर्थ एका शब्दात आहेत, हा श्लेष. तेथे 'कल्याण' काढून 'मंगल' घातले की वाक्य शुभेच्छेपुरते उरते आणि गाव नाहीसे होते. 'गाडी ठाण्यात ठाण मांडून बसली' यातील ठकाराची पुनरावृत्ती हा अनुप्रास. शास्त्रातले यमक मात्र मराठीतल्या यमकाहून निराळे आहे. तेथे तोच अक्षरसमूह भिन्न अर्थाने पुन्हा यावा लागतो; चरणान्तीच्या जुळणीस शास्त्रात अंत्यानुप्रास म्हणतात. हे दोन अर्थ एकत्र केल्याने पुष्कळ विद्यार्थ्यांचे गुण जातात.

अलंकार दागिन्यासारखे, नसले तरी काव्य उभे राहते. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी 'ध्वन्यालोका'त हेच ठामपणे मांडले. शब्दाच्या शक्ती तीन : अभिधा, लक्षणा, व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ अभिधेने मिळतो. 'दिवाळी पहाटेला सारे ठाणे तलावपाळीवर लोटते', येथे सरळ अर्थ घेता येत नाही, गाव चालत नाही, ठाणे म्हणजे ठाण्याचे लोक, असा जवळचा अर्थ घ्यावा लागतो, ही लक्षणा. व्यंजना त्याहून सूक्ष्म. सूर्य मावळला, या साध्या वाक्याचे मम्मटाने केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. त्याच धर्तीवर 'दिवे लागले' हे दोन शब्द कल्याणच्या बाजारपेठेत उच्चारले गेले, तर गुमास्त्याला वाटेल, आता रोकड मिळवावयाची; अंगणातल्या मुलाला वाटेल, घरी बोलावणार; आणि चोविहार पाळणाऱ्या आजींना वाटेल, आता पाणीही नाही. हे सर्व त्या दोन शब्दांच्या कोशातल्या अर्थात कोठेच नाही, तरी ज्याला त्याला अचूक कळते. न सांगता कळणारा हा अर्थ म्हणजे ध्वनी, काव्याचा आत्मा. विशेष हे की आनंदवर्धनांनी आपल्या सिद्धांतासाठी दिलेल्या उदाहरणांत कितीतरी प्राकृत गाथा आहेत आणि त्यांतील काही हालाच्या गाथासप्तशतीत सापडतात. काश्मीरच्या पंडिताला पुरावा मिळाला तो महाराष्ट्राच्या नांगरटीच्या भाषेत.

रस हा विषय एका भाषणाचा नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील आठ रस आणि नंतर मान्य झालेला शांत मिळून नऊ, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु 'अनुयोगद्वार' या आगमग्रंथातही नऊ रसांची यादी आहे आणि ती काहीशी वेगळी आहे, हे फारसे सांगितले जात नाही. तिच्यात प्रशांत रस आहे. भयानक नाही, त्याच्या जागी व्रीडनक आहे. व्रीडा म्हणजे लज्जा. लाज वाटणे ही स्वतंत्रपणे आस्वादण्याजोगी भावना आहे, असे त्या ग्रंथकाराला वाटले. आजच्या काळात ती दुर्मीळ झाल्याने यादीतून गेली की काय, असा विनोद कोणी केल्यास त्यास क्षमा करावी.

करुण रसाचा प्रश्न याहून खोल आहे. दुःखाचे काव्य वाचून आनंद होतो कसा? अभिनवगुप्तांच्या परंपरेचे उत्तर असे की रस म्हणजे आनंदच. लौकिक दुःख काव्यात आले की त्याचे टोक जाते. मराठीत न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडून याची उकल करण्याचा प्रयत्न केला : वाचक दुसऱ्याच्या ठिकाणी स्वतःला कल्पितो, पण स्वतःचे भान सोडीत नाही. आचार्य हेमचंद्रांचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी मात्र 'नाट्यदर्पणा'त बाराव्या शतकातच उलट मत नोंदविले. काही रस सुखाचे, काही दुःखाचे. करुण, रौद्र, बीभत्स, भयानक हे दुःखाचेच आहेत, आणि प्रेक्षक तरीही जातो तो कवी-नटांच्या कौशल्यावर लुब्ध होऊन. दुःखाला दुःख म्हणण्याची ही रोखठोक वृत्ती अनेकांना अधिक पटते. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्याला करुण काव्य वाचून आनंद होतो असे सांगून पाहावे. तो नाट्यदर्पणकारांच्या बाजूने उभा राहील.

आधुनिक काळाविषयी थोडक्यात. केशवसुतांनी इंग्रजीतून चौदा ओळींचे सुनीत आणले. माधव जूलियन यांनी फारसीतून गज्जल आणली, आणि तिच्याबरोबर काफिया व रदीफ हे शब्द मराठीत रुळले. काफिया म्हणजे यमक, रदीफ म्हणजे त्यापुढे जसाच्या तसा येणारा शब्द. सुरेश भटांनी ती गझल घरोघरी नेली. कवी अनिलांनी मुक्तछंदाचा पुरस्कार केला. मुक्तछंद म्हणजे मोकाट गद्य नव्हे, त्यालाही लय असते; हा भेद न कळल्याने गद्याच्या ओळी तोडून कविता म्हणून छापण्याचा उद्योग मात्र बोकाळला. ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषविलेले जनकवी पी. सावळाराम गीते लिहीत, ती ध्रुवपद आणि अंतरा यांत बांधलेली. त्यांत ओवीचे आणि अभंगाचे जुने वळण ऐकणाऱ्याला सहज ओळखू येते.

शेवटी काव्याच्या प्रयोजनाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने दिली : यश, धन, व्यवहारज्ञान, अशुभनिवारण, तत्काल मिळणारा परमानंद आणि प्रियेच्या बोलण्यासारखा गोड उपदेश. हेमचंद्रांनी 'काव्यानुशासना'त ती तपासून पाहिली आणि आनंद, यश व उपदेश एवढी तीनच ठेवली. धन त्यांनी खोडले. काव्यापासून धन मिळेलच अशी खात्री नाही, असे त्यांचे कारण. व्यवहारज्ञान आणि अनर्थनिवारण यांना काव्याखेरीज दुसरे मार्ग आहेत, म्हणून तीही गेली. हेमचंद्र जन्माने मोढ वणिक कुळातले. सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाल या राजांच्या सभेत त्यांचा शब्द चाले. धनाचा हिशेब त्यांना कळत नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही.

पाठशाळेच्या शिक्षकांस एक विनंती आहे. भक्तामराच्या पहिल्या श्लोकाच्या छप्पन्न अक्षरांवर लघू-गुरूच्या खुणा करून एक तक्ता भिंतीवर लावावा आणि मुलांकडून तो श्लोक एकदा चालीवाचून, नुसत्या टाळीवर म्हणवून घ्यावा. लघूला एक टाळी, गुरूला दोन. 'र'पाशी कोण चुकते ते पहिल्याच दिवशी कळेल.